बॉयलरात पाणी होतं

बडोदे

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "ते इंजिन माझ्यामुळेच फुटलं ना, बाबा." आणि लगेच आईला लोणच्याचं प्रमाण विचारायला लागलीस. मला मात्र ते वाक्य सोडेना. सोळा वर्षं तू हे मनात धरून बसली असशील अशी मला कल्पना नव्हती. सोमवारी सकाळी चहा घेऊन झाल्या झाल्या माळ्यावरची पेटी खाली काढली.

आपण दोघांनी घरी केलेलं ते वाफेचं छोटं इंजिन आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं होतं. मोठ्या चाकांना बोट लावलं, तर सहाच्या सहा फिरली. डाव्या बाजूचा क्रँक वर असताना उजव्या बाजूचा पाव फेरा पुढे राहिला पाहिजे, म्हणजे एक सिलिंडर मृतबिंदूवर, दांडा टोकाला जाऊन जोर संपतो तिथे, आला तरी दुसरा ढकलत राहतो. हे मी तुला एकदाच सांगितलं होतं. मी ग्रब स्क्रू आवळेपर्यंत तू दोन्ही चाकं चिमटीत धरून बसली होतीस, हात जरासुद्धा हलू न देता. तो पाव फेरा आजही तसाच आहे.

इंजिन डभोईच्या झेडबीचंच, तिथल्या नॅरोगेज लाइनवरच्या वाफेच्या इंजिनाचंच, का करायचं, असं तू तेव्हा विचारलं होतंस. मी सात वर्षांचा असताना आजोबांच्या श्राद्धासाठी आम्ही सगळे प्रतापनगरहून चांदोदला निघालो होतो. म्हातारी माणसं तेव्हाही प्रतापनगरला गोयागेटच म्हणत. डभोईला इंजिन पाणी घ्यायला थांबलं. काकांनी मला खांद्यावर घेतलं आणि टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या पाण्या-कोळशाच्या डब्याच्या, तोंडात पाण्याची धार पडताना मी पहिल्यांदा पाहिली. गरम तेलाचा, ओल्या कोळशाचा वास होता. चांदोदचा घाट, नर्मदा, पिंडदान यांतलं काही मला आठवत नाही. तो वास आठवतो. पुढे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभं राहायला लागलो, तेव्हा कधी ना कधी हे इंजिन करायचं हे मनात पक्कं झालं होतं.

माप तर आपण उलटं काढलं. रूळ ४५ मिलिमीटरचे मिळाले. खरी लाइन अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागाकार तू केलास, १६.९३ आले, आणि "सतरा धरू या" असं तूच म्हणालीस. मग उभ्या करून ठेवलेल्या जुन्या इंजिनाला टेप लावायची आणि प्रत्येक आकड्याला सतराने भागायचं. रविवारचे रविवार त्यात गेले.

शाळेच्या प्रकल्पासाठी त्या लाइनचा इतिहासही तूच लिहून काढला होतास. खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई ते मियागाम अशी वीस मैलांची लाइन टाकली, देशातली पहिली नॅरोगेज, आणि गाडी ओढायला बैल. दुसऱ्या वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आली, पण रूळ इतके हलके की त्यांना इंजिनाचा भार पेलेना. शेवटी जड रूळ घालून १८७३ मध्ये लाइन नव्याने सुरू झाली. चांदोदचा फाटा १८७९ चा. बैलांचं वाचून तू म्हणाली होतीस, "म्हणजे इंजिन चांगलं होतं, दोष रुळांचा होता." हे वाक्य मला या आठवड्यात फार वेळा आठवलं.

आता त्या संध्याकाळकडे येतो. २००९ ची दिवाळी, भाऊबीज. गच्चीत रुळांचं कडं मांडलेलं, आत्या, काका, पोरं सगळी भोवती. तू पाणी भरलंस, मी लायटरमध्ये भरतात तो गॅस भरून बर्नर पेटवला. इंजिन सुरुवातीला नेहमीसारखं थुंकलं, सिलिंडरमधलं पाणी निघून गेलं आणि ते सुरेख पळायला लागलं. पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायला तू वाकलीस आणि वरचा सांधा सुटला. गरम पाणी तुझ्या मनगटावर आलं. मी धावत आलो आणि सगळ्यांच्या देखत ओरडलो, "पाणी बघायला सांगितलं होतं ना! कोरडा केलास बॉयलर!" तू मनगट धरून खाली गेलीस. त्यानंतर गच्चीत आलीस ती पतंगाला, इंजिनाला कधीच नाही.

मृणाल, तुझ्या मनगटावर पाणी उडालं होतं. बॉयलर कोरडा असता तर पाणी उडालं असतं कुठून? एवढा साधा विचार मला त्या दिवशीच सुचायला हवा होता. तुझ्या हातावर मी स्वतः बर्नॉल लावलं आणि तेव्हाही सुचलं नाही.

पेटीत तुझी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक फेरीची नोंद तारखेसह: पाणी किती घातलं, किती मिनिटं चाललं, शेवटी ल्युब्रिकेटरमधून, सिलिंडरला तेल देणाऱ्या डबीतून, किती पाणी काढलं. वाफ त्या छोट्या डबीत जाऊन थंड होते, तिचं पाणी तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर उचललं जाऊन सिलिंडरकडे जातं. म्हणून खालचं पाणी मोजलं की तेल किती गेलं ते कळतं. तू ते दर वेळी औषधाच्या पिचकारीने मोजायचीस. भाऊबीजेच्या नोंदीत लिहिलंय: "पाणी २५० मिली, पेटवलं ५.४०, फुटलं ५.५८." मधली सात मिनिटं वाफ धरायला गेली. म्हणजे इंजिन चाललं अकरा मिनिटं. त्याआधीच्या फेऱ्यांत तेवढ्याच पाण्यावर ते चोवीस-पंचवीस मिनिटं चाललेलं आहे. निम्म्याहून जास्त पाणी आत होतं. "फुटलं" हा शब्दसुद्धा तू वेळेसकट लिहिलास, भाजलेल्या हाताने.

मग मी बॉयलर काढला आणि हॅकसॉने उभा कापला. मधली ज्वाळेची नळी तपासली. बॉयलर कोरडा पडला की आधी ती तापून काळीनिळी पडते, तिचे सांधे जातात. नळी स्वच्छ होती, सांधे जसेच्या तसे. गेला होता तो फक्त वरचा, सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुशाचा, म्हणजे व्हॉल्व्ह बसवायच्या कडीचा, सांधा. भिंगातून पाहिलं तर तिथे चांदीचा डाख नव्हता, कथलाचा होता.

आणि मला सगळं आठवलं. दिवाळीच्या आधी त्या बुशापाशी चांदीचा डाख नीट धावला नव्हता, एका बाजूला केसाएवढी फट राहिली होती. पुन्हा करायचं तर अख्खा बॉयलर लालसर होईपर्यंत तापवायचा, कारण चांदीचा डाख साडेसहाशे अंशांच्या आसपास धावतो, मग आम्लात बुडवून साफ करायचा. एक पूर्ण दिवस गेला असता. पाहुणे यायचे होते. मी साध्या सोल्डरिंग आयर्नने कथलाचा डाख देऊन फट बुजवली. नंतर पंपाने पाणी दाबून चौरस इंचाला ८० पौंडांची चाचणी घेतली, चालवायच्या ४० च्या दुप्पट, आणि काटा जागचा हलला नाही. म्हणून मी निर्धास्त झालो. पण ती चाचणी गार पाण्याची. पाणी दाबलं जात नाही, फुटलं तर थेंब गळतो आणि काटा उतरतो, म्हणून ती पाण्याने करतात, ते बरोबरच आहे. कथलाची परीक्षा मात्र गार पाण्यात होतच नाही. ४० पौंडांची वाफ म्हणजे १४० अंश. कथील-शिशाचा डाख १८३ ला वितळायला लागतो, आणि त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडून हळूहळू सरकायला लागतो. सांध्याच्या मोडलेल्या कडेवर अर्धा भाग काळपट आहे, अर्धा राखाडी. काळपट भागातली चीर आधीच्या फेऱ्यांतच पडलेली होती. उरलेली त्या संध्याकाळी गेली.

चूक माझी होती. घाईची होती, आणि ती मी लपवून ठेवली होती, स्वतःपासूनही. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी ती तुझ्यावर टाकली. तू बारा वर्षांची होतीस आणि माझ्या माहितीत त्या गच्चीवर तुझ्याएवढं काळजीने काम करणारं दुसरं कोणी नव्हतं, मीसुद्धा नाही. मला माफ कर. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "जाऊ द्या हो बाबा" म्हटलं असतंस आणि मी जाऊ दिलं असतं. आत्याला आणि काकांना मी काल घरी बोलावून सांगितलं. ज्यांच्यासमोर ओरडलो त्यांच्यासमोरच ते परत घ्यायला हवं होतं.

नवा बॉयलर करायला घेतला आहे. मंगळ बाजाराच्या मागे तांब्याची नळी मिळाली, जाड आहे. बुश या वेळी पितळेचे नाही, गनमेटलचे करतोय, कारण वाफेच्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि ते ठिसूळ होतं. डोळे पूर्वीसारखे नाहीत, त्यामुळे दिवसाउजेडीच डाख देतो आणि एका दिवशी एकच सांधा. दोन झाले, पाच राहिलेत. दुसरा धावला नाही, तो पुन्हा केला.

तू आता केवडियाच्या गाडीने डभोईवरून गेलीस तर ब्रॉडगेजवरून जाशील, २०२१ पासून गाड्या तिथून थेट पुढे जातात. पण तिथे उतरून एकदा जुनं स्टेशन बघ असं मला वाटतं. मीही येईन.

कापलेला बुश कागदात गुंडाळून पाठवतो आहे. खिडकीपाशी तिरपा धर, काळा आणि राखाडी भाग वेगळे दिसतील. वही मात्र मी ठेवून घेतली आहे.

तुझा,
बाबा