सायलेन्सर पकडता, पण पोटातली कॅट कोण बघणार?

मा. संपादक,

बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो पेपरात येतात, बघून बरं वाटतं, रात्री त्या आवाजाने झोपमोड झालेल्यांत आम्हीपण आहोत. पण आवाज करणारा सापडतो आणि वास सोडणारा मोकळा फिरतो त्याचं काय. सात रस्त्याच्या सिग्नलला एखादी टर्बो पेट्रोल गाडी पुढे उभी असते, आवाज तसा बेताचाच, पण मागे स्कूटरवर थांबलेल्याचे डोळे चुरचुरतात आणि कच्च्या पेट्रोलचा वास नाकात बसतो. अशा गाडीची बहुतेक वेळा कॅट काढलेली असते.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. एक्झॉस्टमध्ये मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार ठोकळा असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर, आणि त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल, नायट्रोजनचे ऑक्साइड यांचा बराचसा निकाल लागतो. आपल्याकडे १९९५ ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ती सक्तीची झाली, बिनशिशाचं पेट्रोलही तेव्हाच आलं कारण शिसं लागलं की कॅट मरते.

आता गाडीचा नाद असलेल्या पोरांचं म्हणणं असं की कॅट इंजिनाचा श्वास अडवते, "काढून टाक बे, मग पिकअप बघ". मी स्वतः या नादातला माणूस आहे म्हणून सांगतो, यात निम्मं खरं आहे. कंपनीच्या कॅटमध्ये एका चौरस इंचात साधारण ४०० ते ६०० भोकं असतात, टर्बो गाडीत बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवला की तिथे दाब अडकतो हे खरं. पण ताकद वाढते त्यात मोठा वाटा रिमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याचा असतो, आणि अडथळा कमी करायचा तर कॅट काढायची गरजच नाही, हाय-फ्लो, म्हणजे कमी भोकांची, कमी अडवणारी कॅट मिळते. चांगली हाय-फ्लो आणि मोकळा पाइप यातला फरक रस्त्यावर चालवताना कुणाला सांगता येईल असं मला तरी वाटत नाही. फरक पडतो तो आवाजात आणि वासात.

पण "हाय-फ्लो" या नावाखाली गावात काय विकतात ते बघा. एका गॅरेजात (नाव घेत नाही) मला चकचकीत स्टीलचा डबा दाखवला, इंपोर्टेड आहे म्हणाले. मोबाईलची टॉर्च लावून एका तोंडातून बघितलं तर दुसऱ्या तोंडातून सरळ भिंत दिसली, आत नुसता भोकं पाडलेला पाइप आणि भोवती लोकर भरलेली. तो सायलेन्सर झाला, कॅट नाही. शेजारी घमेल्यात कुणाच्या तरी गाडीची कंपनीची कॅट फोडून काढलेले करड्या सिरॅमिकचे तुकडे पडलेले. त्यातला धातू महाग आहे, भंगारवाले या तुकड्यांना चांगला भाव देतात, तेव्हा "जुना माल आमच्याकडेच राहू द्या" असं कुणी म्हणालं तर का म्हणतोय ते समजून घ्या. कॅट काम करते का ते बघणाऱ्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं काय करता विचारलं तर म्हणे नट लावून तो बाहेर ओढतो, म्हणजे त्याला धूर नीट लागत नाही आणि पी ०४२० चा, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा पेटत नाही. म्हणजे गाडी बिघडलेलं सांगते तर तिचंच तोंड बंद करायचं.

खरी हाय-फ्लो घ्यायची तर टॉर्च लावून आत जाळी दिसलीच पाहिजे. २०० ते ३०० सेलची (सेल म्हणजे चौरस इंचातली भोकं) असावी, १०० सेलवाली रेसिंगच्या कामाची, ती धूर कमी साफ करते. जाळी सिरॅमिकची नको, पातळ धातूच्या पत्र्याची बघा, ती लवकर तापते आणि धक्के जास्त सोसते. भोकं कमी झाली की धुराला स्पर्श होणारी जागाही कमी होते, म्हणून डबा आकाराने मोठा हवा, छोट्या डब्यात २०० सेल म्हणजे फसवणूकच. पाइप किती इंची हा वाद पोरं तासन् तास घालतात, एक लिटरच्या टर्बोला अडीच इंच माझ्या मते भरपूर झाला, तीन इंची दोन लिटरवाल्यांना राहू द्या. आणि जागा, हे कुणी बोलतच नाही. कॅट साधारण २५०-३०० डिग्री तापल्याशिवाय कामच करत नाही, म्हणून कंपनी ती टर्बोला चिकटून बसवते. वेल्डिंगला सोपं पडतं म्हणून ती खाली सीटखाली सरकवली तर विजापूर रोडवरून नवी पेठेत जाऊन येईपर्यंत ती नीट तापायचीसुद्धा नाही, मग जाळी कितीही भारी असून उपयोग काय. शिवाय आधी प्लग, कॉइल बघून घ्या, मिसफायर असेल तर न जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि नवीकोरी जाळीही वितळून जाम होते.

आता मूळ मुद्दा. एवढं सगळं बघून चांगला माल लावला तरी कायद्याने तो गुन्हाच, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे जाळी ठेवणारा आणि जाळी फोडणारा दोघं एकाच रांगेत. मग पोरगं म्हणतं, गुन्हा होणारच आहे तर स्वस्तातला करू. पीयूसीला बीएस ४ आणि बीएस ६ पेट्रोल कारची आयडलिंगची (गाडी उभी, इंजिन चालू असतानाची) मर्यादा ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आहे, कॅट काढलेली गाडी तिथे अडकायला हवी, पण नळी पाइपात नीट घातली तर ना.

सीएनजी किटचं बघा. त्याला तपासणी होऊन मान्यता मिळते, आरसीवर नोंद होते, लोक उघडपणे बसवतात. युरोपात बदली कॅटला मान्यतेचा शिक्का असतो, कॅलिफोर्नियात सरकारी मंजुरीचा नंबर असतो, तो नसला तर बसवता येत नाही. आपल्याकडे तपासायला एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था इथून चार-पाच तासांवर पुण्यातच आहे. हाय-फ्लो कॅटला तशीच चाचणी आणि नंबर द्या, आरसीवर नोंद करा, आणि रिकामा डबा विकणाऱ्या गॅरेजवर कारवाई करा, गिऱ्हाइकाच्या आधी. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत आहे, आपला मोठा प्रश्न धुळीचा हे मान्य, पण सिग्नलला नाकात जातो तो धूर काही धुळीचा नाही.

आपल्या बातमीदाराने आरटीओत जाऊन एवढंच विचारावं, एमएच १३ च्या किती गाड्यांचं बॉनेट उघडून किंवा खालून वाकून कुणी कॅट आहे का बघितलं. उत्तर आलं तर छापा.

आपला,
एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर