ऱ्हायोलाइटला भुतं नाहीत हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नेवाडाच्या वाळवंटातल्या ऱ्हायोलाइटवर लेख होता, हेडिंग 'भुतांचं गाव' आणि वर चादर पांघरल्यासारख्या पांढऱ्या आकृत्यांचा मोठा फोटो. अहो ती शिल्पं आहेत, आल्बेर शुकाल्स्की नावाच्या बेल्जियन कलाकाराने 1984 साली केलेली, गाव ओस पडून साठेक वर्षं झाल्यावर! गेल्या वर्षी मुलीकडे लास वेगासला गेलो होतो तेव्हा जावयाने गाडीने नेऊन दाखवलं म्हणून माहिती आहे. आणि घोस्ट टाउन म्हणजे आपलं ओसाड गाव, त्यात भुतं कशाला घुसवायची?

खरी गोष्ट त्याहून भारी आहे. 1904 च्या ऑगस्टमध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोघांना तिथे सोनं असलेला हिरवट दगड सापडला, बेडकाच्या पाठीसारखा, म्हणून त्या भागाला नाव पडलं बुलफ्रॉग. वर्षभरात तंबूंचं गाव झालं. लाकूड नाही म्हणून टॉम केली या माणसाने बिअरच्या हजारो रिकाम्या बाटल्या मातीत रचून घर बांधलं, ते अजून उभं आहे (बाटल्यांचा तुटवडा नव्हता हे सांगायला नको). 1906 मध्ये पोलादवाला चार्ल्स श्वाब याने मोठी खाण विकत घेतली आणि मग काय, वीज, नळ, टेलिफोन, तीन रेल्वे, ऑपेरा आणि चक्क स्वतःचं शेअर मार्केट! 1907-08 ला वस्ती साडेतीन ते पाच हजार असावी असा अंदाज सांगतात.

लेखात 'सोनं संपलं आणि गाव संपलं' एवढ्या एका ओळीत विषय गुंडाळलाय, ते मला पटलं नाही. गाव चाललं होतं बाहेरून येणाऱ्या शेअरच्या पैशावर. 1906 ला सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप, 1907 ला बँकांची पडझड, पैसा आटायला लागला, त्यात 1908 ला भागधारकांनाच शंका आली की खाणीची किंमत फुगवलीय म्हणून बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घेतली, रिपोर्ट वाईट आला आणि शेअर कोसळला. सोनं होतं पण जेवढं सांगत होते तेवढं नव्हतं, हा फरक आहे. आणि मजा बघा, कुक बँकेची तीन मजली इमारत त्याच 1908 सालची, नव्वद हजार डॉलरच्या वर खर्च करून बांधलेली, संगमरवरी फरशी वगैरे. दुमजली शाळा 1909 ला तयार झाली तोवर पोरं आईबापांबरोबर निघून चालली होती. 1910 च्या जनगणनेत 675 माणसं, 1911 ला खाण बंद, 1916 ला वीज तोडली, 1920 ला उरले 14.

आपल्याकडे म्हणतात घर फिरलं की वासेही फिरतात, तिथे वासे खरोखरच गेले, लाकूड, दारं-खिडक्या, काही तर अख्खी घरं उचलून शेजारच्या बिटी गावात नेली. बँकेच्या भिंती राहिल्या कारण त्या उचलता येईनात. मी त्या भिंतीच्या सावलीत दहा मिनिटं उभा होतो, दुसरी सावलीच नाही तिथे.

निदान फोटोतल्या आकृत्या म्हणजे शिल्पं आहेत एवढी तरी दुरुस्ती छापा.

आपला एक जुना वाचक, डोंबिवली