‘जनुक सापडले’, पण किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘स्किझोफ्रेनियाचे जनुक सापडले’ असा मथळा अधूनमधून छापून येतो आणि आमच्या घरी फोन सुरू होतात. माझी धाकटी बहीण 18 वर्षे या मानसिक आजारावर गोळ्या घेते आहे. मागे माझ्या मुलीचे एक स्थळ जवळजवळ ठरले होते. मुलाच्या काकांनी मोबाइलवर अशीच बातमी पुढे केली, ‘घराण्यात आहे म्हणे!’ पुढे त्यांचा निरोपही आला नाही.

या मंडळींनी बातमीच्या आतले आकडे वाचायला हवे होते. 2014 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातल्या अभ्यासात सुमारे 37 हजार रुग्णांची 1 लाख 13 हजार इतरांशी तुलना झाली, तेव्हा जनुकसंचात अशा 108 जागा हाती लागल्या, जिथल्या बारीक फरकांचा आजाराच्या धोक्याशी संबंध दिसतो. 2022 मध्ये रुग्ण 76 हजारांवर गेले आणि जागा झाल्या 287. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. यातले कितीतरी फरक धडधाकट माणसांतही असतात, म्हणजे त्या काकांतही असणारच.

बहिणीचे निदान आधी बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य यांच्या टोकांत झुलवणारा आजार) होते, मग बदलले. आम्ही डॉक्टरांवर चिडलो होतो. पण 2009 च्या एका जनुकीय अभ्यासातच दिसले, की स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवणारे अनेक बारीक फरक बायपोलरच्या रुग्णांतही आढळतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळे काढलेले हे दोन आजार जनुकांच्या पातळीवर एकमेकांत बरेच मिसळलेले आहेत.

आनुवंशिकता नाहीच, असे मी म्हणत नाही. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये दहात एकाला, आत्या-मावशीला असेल तर शंभरात तीन-चार जणांना. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा सुटतो.

शिवाय या अभ्यासांतले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. त्यावरून काढलेला जनुकीय ‘गुणांक’, म्हणजे अशा सगळ्या बारीक फरकांची बेरीज, उद्या कोणी पत्रिकेबरोबर मागू लागला, तर आश्चर्य वाटायला नको. एकट्या माणसाला आजार होईल की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ‘जनुक सापडले’ छापताना किती सापडली आणि धोका शंभरात किती, हे मथळ्याखालच्या पहिल्याच ओळीत द्यावे. काका मंडळी तेवढेच वाचतात.

– एक शुभंकर (रुग्णाची काळजी घेणारे नातलग), पुणे