पार्थेनॉनचा घोडा लंडनमध्ये का?

महोदय,

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली शिल्पे ग्रीसला परत द्यावीत की नाहीत, ही चर्चा बहुधा मालकी हक्कापाशीच अडकते आणि ताटातुटीने मूळ कलाकृतीचे काय झाले, हे मागे पडते. इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभारलेल्या या मंदिराच्या पूर्वेकडील दर्शनी त्रिकोणात चंद्रदेवता सेलिनी रात्रीचा प्रवास संपवून क्षितिजाखाली उतरताना कोरली होती. तिच्या रथाच्या एका घोड्याचे डोके आज लंडनमध्ये आहे. त्याच्या नाकपुड्या फुललेल्या, डोळे बाहेर आलेले आणि जबडा दमून उघडा पडलेला आहे. देवीचे धड मात्र अथेन्समध्येच आहे.

ऑटोमन साम्राज्यातील ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने काढून नेलेली ही शिल्पे ब्रिटिश सरकारने १८१६ मध्ये विकत घेतली. अथेन्समध्ये ती नीट सांभाळली जाणार नाहीत, हा जुना युक्तिवाद २००९ मध्ये ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे हे मंदिर असलेल्या टेकडीच्या, पायथ्याशी नवे संग्रहालय उघडल्यापासून माझ्या मते निरर्थक ठरला आहे. तेथे मधाळ रंगाच्या मूळ संगमरवराशेजारी, लंडनला गेलेल्या शिल्पपट्टांच्या पांढऱ्याफटक प्लास्टर प्रतिकृती बसवल्या आहेत. व्हॅटिकनने २०२३ मध्ये आपल्याकडचे तीन तुकडे परत केले. ब्रिटिश म्युझियमने निदान हा घोडा तरी त्याच्या देवीकडे पाठवावा.

— एक वाचक, पुणे