तांबं गेलं, शिसं मातीतच राहिलं

महोदय,

सांगलीत गेली छत्तीस वर्षं मी टीव्ही दुरुस्त करतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांचे ४१ सेट होते. पाणी उतरल्यावर त्यातला एकही चालू होण्यासारखा राहिला नव्हता. सगळ्या गल्लीत तेच. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, चिखलानं माखलेले ढीग दारोदारी पडले होते. भंगारवाले टेम्पो घेऊन आले आणि मी सगळा माल त्यांना देऊन टाकला. दुकान धुऊन पुन्हा उघडायची घाई होती. माल पुढं कुठं जातो, हे मी विचारलं नाही. इतरांचं सोडा, निदान मी तरी विचारायला हवं होतं. आत काय असतं ते मला माहीत होतं.

महिन्याभरात ते दिसलंच. आमच्या वस्तीमागं ओढ्याकाठी पडीक जागा आहे. तिथं रात्री वायरींचे गुंडाळे पेटायला लागले. वरचं प्लास्टिक जळलं की तांबं मोकळं होतं, म्हणून हा उद्योग. त्या धुरात डायऑक्सिनसारखं विष असतं. खिडक्या लावून घेतल्या तरी घसा जळायचा. पिक्चर ट्यूबची मान फोडून योक, म्हणजे मानेभोवतीची तारेची गुंडाळी, काढायचा, कारण त्यात तांबं, आणि काच तिथंच टाकायची. ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसं घातलेलं असतं, क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून. मोठ्या ट्यूबमध्ये ते किलोच्या वर भरतं. बोर्डांवर जोड द्यायला वापरलेलं जुनं सोल्डर म्हणजे कथील ६० टक्के आणि शिसं ४०. हे आकडे तर आम्ही रोज रिळावर वाचत आलो.

रहिवाशांनी आरडाओरड केल्यावर दोन वर्षांनी जाळणं थांबलं. पण शिसं कुजत नाही, विरत नाही. वरच्या वीतभर मातीला धरून बसतं. आज त्या जागेवर मुरूम टाकलाय आणि पोरं क्रिकेट खेळतात. एका कडेला एक आजी मेथी आणि वांगी लावतात. कृष्णाकाठचं वांगं म्हटलं की सांगलीकराला वेगळं सांगायला नको. परवा तिथं चपलेनं माती उकरली, तर जाड काचेचे तुकडे, तांब्याचे केसासारखे धागे आणि जळक्या प्लास्टिकच्या गुठळ्या वर आल्या. लहान मुलाच्या हातातून तोंडात जाणारी माती ती हीच. शिशानं मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान पुढं भरून निघत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी नियम काढले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी करायची आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्या तपासायच्या. खर्च प्रदूषण करणाऱ्यावर. तो सापडलाच नाही तर सरकारवर. आमच्या जागेचा धनी कोण आणि जाळणारा कोण, हे आता शोधूनही मिळायचं नाही. म्हणूनच तिचं नाव त्या यादीत गेलं पाहिजे. तपासणीही शेतकरी करतात तसली नत्र-स्फुरद-पालाशची नको. तीत शिसं बघतच नाहीत. शिसं निघालं तर वरचा थर खरवडून रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी न्यावा, आणि तोवर पोरांना दुसरं मैदान द्यावं. त्या आजींना मात्र कुणीतरी नीट समजावून सांगा. त्यांची भाजी नुसती उपटून टाकू नका.

भंगारवाल्यांना हाकलून काही साधणार नाही. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत उत्पादकांवर ई-कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे, पण माझ्या दारातून जुना सेट नेतो तो हातगाडीवालाच. प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एका रविवारी काटा लावून ई-कचरा घ्यावा, भंगारवाल्याच्या बरोबरीचा दर द्यावा आणि माल नोंदणीकृत कारखान्यातच पाठवावा. काट्यावर त्याच हातगाडीवाल्यांना बसवा. फुकट कुणी देणार नाही. आम्ही दुरुस्तीवाले आमचे मेलेले बोर्ड पहिल्या रविवारी घेऊन येऊ. चौघा दुकानदारांशी माझं बोलणं झालंय.

जागा दाखवायला मी कधीही येईन. उकरलेले तुकडे बरणीत झाकण लावून दुकानात ठेवले आहेत.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)