रील पळाली, पण तेलाचा डबा पोचणार कसा?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात दर महिन्या-दोन महिन्याला एक बातमी असतीच, अमुक गावच्या पोराची रील गाजली आणि बापाचा बंद पडायला आलेला धंदा चालला. वाचायला भारी वाटतं, आमच्या घरात पण मोठ्यानं वाचली जाते. पण रील गाजल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दुकानात काय झालं, फोन कोणी उचलला, माल कसा पाठवला, पैसे आले का, हे त्या बातमीत कधीच नसतं, आणि खरं शिकायचं तर तेच असतंय.

मी सेलूची. माहेर जालन्याकडलं. सासरी घरचा लाकडी घाणा आहे, करडी, शेंगदाणा, तीळ, थोडं जवस. घाण्यावर मामा म्हणजे माझे सासरे बसतात, आमचे हे खरेदीचं बघतात आणि इन्स्टा, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप हे सगळं माझ्याकडं आलंय कारण घरात दुसऱ्या कोणाला टायपिंगचा कंटाळा. तर आमच्यासारखे पहिल्यांदाच घरचा धंदा मोबाईलवर आणणारे आता तालुक्यात गल्लोगल्ली झालेत, पापडवाली आहे, फॅब्रिकेशनवाला आहे, मंडपवाला आहे, साडी सेंटर तर विचारूच नका. आणि या सगळ्यांना शिकवणारे क्लास पण निघालेत. आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी चांगले पैसे भरून असा एक कोर्स केला (नाव घेत नाही). त्यात काय शिकवलं तर ट्रेंडिंग गाणं कसं लावायचं, पहिल्या तीन सेकंदात माणूस कसा थांबवायचा, हॅशटॅग, फॉलोअर कसे वाढवायचे. उदाहरणं सगळी कॅफे आणि बुटांच्या ब्रँडची. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण मला असं वाटतं की दिसायचं कसं एवढंच शिकवायलेत, गिऱ्हाईकानं विचारल्यावर उत्तर काय द्यायचं ते कोणीच शिकवत नाही, आणि घरचा धंदा त्या उत्तरावरच चालतो किंवा बसतो.

साधं रेटचं घ्या. कोणत्याही गावाकडल्या दुकानाची पोस्ट उघडून बघा, खाली पन्नास जणांनी विचारलेलं असतंय "रेट?" "किंमत काय भाऊ" "प्राइस प्लीज", आणि दुकानदाराचं एकच उत्तर, "डीएम केलाय ताई", म्हणजे खासगी मेसेज. अरे लिहून टाक ना बाबा तिथंच! क्लासमध्ये म्हणे सांगतात की कमेंट वाढल्या की पोस्ट जास्त लोकांना दिसते, म्हणून रेट लपवायचा. वाढत असतील कमेंट, पण आपल्याकडं दुकानात जाऊन भाव विचारला आणि मालकानं "आत या मग सांगतो" म्हटलं तर माणूस चप्पल पण काढणार नाही.

आता आमच्या तेलात तर रेट लिहिणं पण सोपं नाही, कारण किलो का लिटर हा घोळ. एक लिटर तेलाचं वजन किलो भरत नाही, साधारण ९१०-९२० ग्रॅम भरतं. म्हणजे समजा तेल ४०० रुपये किलो असेल तर तेच तेल लिटरनं ३६५ च्या आसपास बसतं. कोणी लिटरचा रेट टाकतो, कोणी किलोचा, खाली वाचणाऱ्याला वाटतं हा स्वस्त आणि तो लुटायला बसलाय. डब्याचं तर आणखी मोठं, १५ किलोचा डबा वेगळा आणि १५ लिटरचा वेगळा, दोन्हीत सव्वा किलोच्या आसपास फरक, दिसायला डबा तसाच. हे एकदा मी वजनकाट्यावर दाखवलं, एक लिटरचं माप भरून काट्यावर ठेवलं, वरून मोबाईल धरला, बोलले पण जास्त नाही, गाणं नाही काही नाही. तो व्हिडिओ व्हायरल वगैरे झाला नाही, पण पाथरी, मानवत, जिंतूरकडून जे फोन आले ते सगळे विकत घेणाऱ्यांचे आले. आजही कोणी भावाची घासाघीस करायला लागलं की मी तोच व्हिडिओ पाठवते.

दुसरा प्रश्न ठरलेला, दुकानात पाऊच एवढ्याला मिळतो मग तुमचं एवढं महाग का. याचं उत्तर माझ्यापेक्षा मामांना चांगलं देता येतं. करडीच्या दाण्यात तेल मुळातच तिसऱ्या हिश्श्याच्या आतबाहेर, त्यात लाकडी घाणा हळू फिरतो, तेल तापत नाही, पण बरंच तेल पेंडीतच राहून जातं, मोठ्या मिलसारखं शेवटच्या थेंबापर्यंत काढता येत नाही. आणि करडी आता मिळते कुठं? पूर्वी आपल्याकडं ज्वारीच्या कडंनं करडीचे पट्टे असायचेच, काटेरी असल्यानं ढोरं पण आत शिरायची नाहीत, मग सोयाबीन आलं, हरभरा वाढला, आणि काट्यात हात घालून काढणी करायला मजूर मिळंनात. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम'सारखं वाण दिलंय, हार्वेस्टरनं पण काढतात आता, तरी पेरा पहिल्यासारखा राहिला नाही. हे सगळं मामा घाण्यापाशी उभं राहून पेंडीचा तुकडा हातात मोडून सांगतात, बोटाला तेल लागलेलं दाखवतात, "हे बघा, हितं राहिलं तुमचं स्वस्त तेल". आधी मामांचा या मोबाईलला सक्त विरोध होता, "घाणा काय नाचून विकायचा असतो का" म्हणायचे. नाचायचं नाही, जे गिऱ्हाईकाला रोज सांगता तेच सांगा म्हटल्यावर तयार झाले. माझं ठाम मत आहे की घरच्या धंद्यात कॅमेऱ्यासमोर म्हाताऱ्या माणसालाच बसवावं, त्यालाच माल कळतो, आपण नव्या पोरांनी फक्त मोबाईल हलू न देता धरायचा.

बरं, फिल्टर लावू नका हे पण कोणीतरी सांगायला पाहिजे. ताजं तेल गढूळच असतंय, दोन-तीन दिवस निवळायला ठेवावं लागतं, खाली गाळ बसतो. मोबाईलमध्ये त्याला सोन्यासारखं पिवळंधमक करून टाकलं की घरी गेलेली बाटली बघून गिऱ्हाईक म्हणणार रंग वेगळा आहे, भेसळ केली. साडीवाल्यांचं पण हेच रडगाणं, लाईटात जांभळा दिसलेला रंग घरी गेल्यावर वांगी निघतो.

आता डब्याचं. रील बघणारा पनवेलला बसलेला असतो, चंदीगडला असतो, कधी दुबईला. त्याला तेल पाठवायचं तर कुरिअरवाला आधी विचारतो लिक्विड आहे का. घेतलंच तर डबा कुठंतरी आपटून गळणार, आणि एका लिटरच्या बाटलीला जेवढं भाडं लागतं त्यात नफा सोडा, मुद्दल पण जातं. म्हणून आमची खरी बाहेरगावची विक्री कोणाला तर पुण्याला राहणाऱ्या आपल्याच लोकांना, चाकण, वाघोली, हडपसर इकडं अख्खा मराठवाडा कामाला गेलाय, त्यांना आईच्या हातच्या भाजीचा वास पाहिजे असतो आणि ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत डबा टाकायची सवय पण असते. चार घरं मिळून ऑर्डर देतात, सकाळी गाडी पोचली की एकजण उतरवून घेतो. हे गिऱ्हाईक इन्स्टावरून क्वचित आलं, आलं ते कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून, भावकीच्या ग्रुपवरून.

पण आमच्या गल्लीतल्या एका कापड दुकानवाल्यानं पैसे भरून जाहिरात चालवली, एरियामध्ये महाराष्ट्र टाकून दिला. लाईक आले कोकणातून, कोल्हापुरातून, दुकानात कोणीच नाही. त्याच जाहिरातीत गावाभोवती एवढे किलोमीटर असं ठरवता येतं, हे त्याला कोर्समध्ये पण सांगितलं नव्हतं. सेलूच्या दुकानाला परतूर, मंठा, पाथरी, मानवत एवढं दिसलं तरी रग्गड झालं.

आणि नंबर जमवा, फॉलोअरच्या मागं लागू नका. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथं होतं त्यांचं एका रात्रीत सगळं गेलं, कोण बघत होतं आणि कुठला होता काही कळायला मार्ग नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग टाकता येतो, दुकानाचा टाईम टाकता येतो. ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना पाठवायच्या सोयीत, मात्र एक मेख आहे, समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच त्याला मेसेज जातो. म्हणून आम्ही बाटली हातात देतानाच सांगतो, "घाणा म्हणून सेव्ह करा". बऱ्याच जणांना हे माहीतच नाही आणि म्हणतात आमचे मेसेज पोचत का नाहीत.

आता जरा कडू बोलते. आपल्याकडल्या घाण्यावाल्यांच्या, मसालेवाल्यांच्या पोस्ट बघितल्या की भीती वाटते. शुगर गेली, गुडघे बरे झाले, हार्टचं ब्लॉकेज निघालं! कायद्यानं खाण्याच्या वस्तूच्या फसव्या जाहिरातीला १० लाखापर्यंत दंड आहे, आणि मोबाईलवरची पोस्ट ही पण जाहिरातच. खाद्यतेल सुटं विकायला मुळात बंदी आहे, सरकारनं सूट दिली असेल तरच, पण रीलमध्ये सगळे ऐटीत पिंपातून काढून बाटली भरताना दाखवायलेत. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, वजन, पॅकिंगची तारीख, पत्ता हे लेबलवर लागतं. छोट्या धंद्याला अन्न परवान्याचं रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपयात होतं, उद्यमची म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी तर फुकट आहे, तरी एजंट त्याचेच हजार-दोन हजार घेतात. रील शिकवणाऱ्यानं पहिल्या तासाला हे सांगायला पाहिजे.

एक गोष्ट बायकांच्या गटांची. उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटातल्या बाया माल एक नंबर करतात, पण पेज असतंय कोणाच्या तरी पोराच्या किंवा पुतण्याच्या मोबाईलवर. तो पोरगा कंपनीत लागला, पुण्याला गेला, की पासवर्ड पण पुण्याला. आमच्या ओळखीच्या एका गटाच्या पेजवर अजून जुना नंबर आहे, लोक त्यावर फोन लावतात, तिकडं कोणी उचलत नाही, आणि गटाला वाटतं मोबाईलवर धंदा होतच नसतो. नंबर गटाच्या नावाचा पाहिजे, मोबाईल बाईच्या हातात पाहिजे, एवढंच शिकवायला अर्धा दिवस द्या की!

सरकारचं बघितलं तर योजना आहेत. केंद्राची पीएमएफएमई, म्हणजे खाण्याच्या वस्तू बनवणाऱ्या छोट्या धंद्यांची योजना, २०२० मध्ये आली, त्यात मशिनरीला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. ब्रँडिंग आणि मार्केटिंगला पण ५० टक्के मदत लिहिलीय, पण ती गट, एफपीओ (शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या), सहकारी संस्था यांना, एकट्या घरच्या घाण्याला नाही. म्हणजे मशीन घ्यायला आम्ही चालतो आणि माल विकायला नाही. उद्योजकता विकास केंद्राचं हेड ऑफिस आपल्याच संभाजीनगरात आहे, जिल्हा उद्योग केंद्र परभणीला आहे, यांनी तालुक्याच्या गावी, बाजाराचा दिवस सोडून, दुपारच्या टायमाला दोन दिवस शिकवावं. आणि पोरगं एकटं नको, बाप आणि पोरगं, नाहीतर सासू आणि सून असं जोडीनं बोलवावं, म्हणजे घरी आल्यावर भांडण नको. शिकवणारा पण असा आणा ज्यानं स्वतः एखादा डबा ट्रॅव्हल्समध्ये चढवलाय.

तुम्हाला पण एक विनंती. जिल्ह्याच्या पानावर आठवड्यातून एकदा बोटभर जागा द्या, एखाद्या दुकानदारानं मोबाईलवरून विकलं त्याचा हिशोब छापा, जाहिरातीला किती गेले, फोन किती आले, माल किती गेला, परत किती आला. नुसता फेटा बांधलेला फोटो नको. पहिला हिशोब आमचा छापायचा असेल तर मी वही घेऊन यायला तयार आहे, मामांना विचारलंय, ते हो म्हणाले, फक्त उधारीचं पान सोडून.

आपली एक वाचक,
सेलू, जि. परभणी

ता.क. : सध्या नवीन दुकानांना एक फोन यायलाय, "मिलिटरी कॅन्टीनसाठी माल पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा". पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. असं झालंच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा. जागा कमी असेल तर पत्रातलं बाकी काही कापा, हे ठेवा.