सगळ्यांचा अपवर्तनांक १.५० कसा?

महोदय,

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानात ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर असतात आणि उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे. पुष्कळ खासगी शाळांत या २० गुणांचे काय होते, हे बघायचे असेल तर एकाच वर्गातल्या पाच-सहा जर्नल शेजारी ठेवून काचेच्या चिपेचा प्रयोग उघडावा. बहुतेकांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशकिरण काचेत शिरताना किती वळतो हे सांगणारा आकडा, १.५० असतो. मुलांनी प्रयोग स्वतः केला असता तर तो तसा आलाच नसता.

चिपेवर पडणाऱ्या किरणाचा पृष्ठभागावरच्या लंबाशी होणारा आपाती कोन ४५ अंशांचा घेतला की साध्या काचेत शिरलेल्या किरणाचा अपवर्तन कोन सुमारे २८ अंश येतो. या दोन कोनांच्या साइनचे गुणोत्तर म्हणजे अपवर्तनांक. कंपासपेटीतल्या कोनमापकावर एखादा अंश इकडेतिकडे होणारच. २७ वाचला तर उत्तर १.५६, २९ वाचला तर १.४६. आपाती कोन १५ अंशच घेतला, तर अपवर्तन कोन जेमतेम १० अंश. तिथे एका अंशाची चूक उत्तराला १.३६ किंवा १.६५ वर नेऊन ठेवते. आपाती कोन ३० ते ६० अंशांतलाच घ्या, असे का सांगतात ते मुलाला इथे कळते. फळ्यावरचा तक्ता उतरवून ते कळत नाही.

चुका नेहमीच्याच असतात. किरणाचा मार्ग दाखवणाऱ्या दोन टाचण्या दोन-अडीच सेंटिमीटरवर टोचल्या की रेषा हमखास तिरपी जाते. निदान ५ सेंटिमीटर अंतर हवे. टाचणी सरळ उभी नसते आणि मुले तिच्या डोक्याकडे बघून दुसरी टाचणी लावतात. नजर कागदात रुतलेल्या टोकाशी हवी. चिपेची बाह्यरेषा जाड पेन्सिलीने काढली, किंवा मध्येच चीप सरकली, तर निर्गत (चिपेतून बाहेर पडणारा) किरण आपाती किरणाला समांतर येत नाही. मग मुले खोडरबर घेऊन तो समांतर ‘करतात’. त्यांना कोणी रागावू नये. बरोबर उत्तरालाच गुण, हे आपणच शिकवले आहे.

लोखंडी खिळा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात बुडवून त्यावर तांबे चढताना बघण्याचा प्रयोग तर याहून स्वस्त. २०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद पुरते. पण दुकानातला चकचकीत खिळा बरेचदा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. त्यावर तांब्याची लालसर पुटी न येता काळपट भुकटी धरते आणि मुले गोंधळतात. साधा खिळा घेऊन पॉलिश पेपरने घासावा. बोअरवेलचे पाणी वापरल्यास द्रावण गढूळ होते, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. आणखी एक गोष्ट. पुटी १५-२० मिनिटांत दिसते, पण परीक्षानळीत १० मिलिलिटर द्रावण असेल तर निळा रंग फिका होऊन हिरवट झाक यायला ती दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावी लागते. जर्नलमध्ये मात्र तासाभरातच ‘द्रावण फिकट हिरवे झाले’ असे निरीक्षण हजर असते.

अडचण साहित्यापेक्षा वेळापत्रकाची जास्त आहे. ३५ मिनिटांच्या एका तासिकेत हजेरी, मांडणी आणि आवराआवर यांतच निम्मा वेळ जातो. आठवड्यातून एकदा दोन तासिका जोडून द्याव्यात, ४० मुलांच्या दोन बॅच कराव्यात आणि जोडीला एक याप्रमाणे १० चिपा ठेवाव्यात. ड्रॉइंग बोर्ड नसतील तर जाड थर्माकोल चालतो. डिजिटल फळ्यावरची चित्रफीत याला पर्याय नव्हे, कारण तिच्यातला किरण कधीच चुकत नाही.

खासगी शाळांत पालकांच्या हातात एक साधन आहे. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार व्यवस्थापनाला शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. त्या बैठकीत डिजिटल फळ्याचा खर्च विचारतो तसे हेही विचारावे : प्रयोगशाळेत चिपा किती, प्रयोगशाळा सहायक पूर्णवेळ आहे का, आणि गेल्या सत्रात मुलांनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले?

शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. अपवर्तनाचा प्रयोग जर्नलमध्ये सुबक आकृती काढून लिहून घेण्याऐवजी टाचण्यांची भोके पडलेला मूळ कागदच तिथे चिकटवायला सांगावा आणि त्याच तासाला त्यावर तारीख घालून सही करावी. उत्तर १.४३ आले असेल तर १.४३ राहू द्यावे. खाली मुलाने दोन ओळींत लिहावे, की आपले कुठे चुकले असावे. गुण त्या दोन ओळींना द्यावेत.

– निवृत्त विज्ञान शिक्षकांचा एक गट, सातारा